लाल गाडीचा हूक आणि आप्पा लोहारांचा जावई

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा जावई तसा प्रत्येक गावात असतो. पण हा घरजावई होता, त्यामुळे तो संध्याकाळी परत जात नव्हता.

त्याचं नाव नरसू. त्याचे सासरे आप्पा लोहार. गावाच्या वेशीवर आप्पांचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, खिडक्यांचे गज, सगळं तिथं व्हायचं. नरसूनं केलेला वेल्डिंगचा जोड हत्तीनं ओढला तरी सुटायचा नाही. हात सोन्याचा होता. डोकं मात्र तो कुणी सांगितल्याशिवाय वापरत नसे, आणि सांगितलं की सांगितलं तेवढंच वापरी.

आता जावई म्हणजे जावई. त्याला घरात कुणी बोलायचं नाही. गावातही कुणी बोलायचं नाही, कारण एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा पाव्हणा. ही पद्धत कुणी घातली मला ठाऊक नाही. घालणारा कुणाचा तरी जावईच असणार. सुनेच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तर गल्ली गोळा होते. जावयानं घर पेटवलं तर म्हणायचं, उजेड छान पडला.

आप्पा पद्धत पाळणारे. नरसूनं काही बिघडवलं की ते आधी म्हणायचे, "छान झालं, जावईबापू." मग घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "पुढल्या खेपेला मात्र असं करा." नरसू म्हणायचा, "बरं, मामा." त्याच्या लेखी झालेलं काम छान झालेलं होतं, मामा स्वतःच तसं म्हणाले होते. आणि सांगितलं ते पुढल्या खेपेसाठी होतं. मग तो ते पुढल्या कामासाठी जपून ठेवायचा. पुढलं काम कुठलंही असो.

जे खरोखर बिघडलेलं असायचं ते सासू गोजराबाई नीट करायची. तिनं चाळीस वर्षं आप्पांचा भाता ओढला होता, घण मारला होता. तिला सगळं येत होतं. पण जावयाच्या हातातलं काम काढून घेतलं तर त्याचा अपमान होतो. म्हणून नरसू दुपारी जेवून आडवा झाला की ती ग्राइंडर हातात घ्यायची. तो उठून यायचा तेव्हा काम बिनचूक झालेलं असायचं. नरसू ते बघायचा आणि स्वतःवर खूश व्हायचा.

त्या वर्षी आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस ठिणगीकडं बघायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्याला काळा चष्मा दिला. गोजराबाईचा चष्म्यावर विश्वास नव्हता, तिनं त्यावरून हिरवं फडकंही बांधलं. आप्पा वर्कशॉपच्या दारात खाट टाकून बसले. दिसत काहीच नव्हतं. काय झालं ते गोजराबाई कानात सांगायची.

त्याच आठवड्यात सोमवारी हौसाक्का मगदूम आली. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं पोरींना कबड्डी शिकवून ती रिटायर झाली होती, आणि तिनं लाल स्पोर्ट गाडी घेतली होती. जुनी, पण लाल. दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की शेळीनंही वाकून आत बघावं. लोक म्हणाले, या वयात? ती म्हणाली, लहान होते तेव्हा कुणी दिली नाही.

"आप्पा, गाडीला हूक बसवायचाय," हौसाक्का म्हणाली. "होडी ओढायला."

"अक्का, ही गाडी काय होडी ओढणार? एखादा ट्रॅक्टर सांगा की."

"ट्रॅक्टर कुठाय? समदे ऊस वाहत्यात. बैलगाड्याबी ऊसच वाहत्यात. या दिवसात नवरा मागितला असता तर मिळाला असता, ट्रॅक्टर मिळंना."

होडीची गोष्ट अशी होती. संक्रांतीआधीच्या रविवारी नदीकाठच्या बारा गावांच्या होड्या दुधनवाडीच्या घाटावर शर्यतीला उतरायच्या. ज्या गावाची होडी लागोपाठ तीन वर्षं आली नाही, त्या गावाचं नाव वहीतून कायमचं खोडायचं, असा नियम. या गावाची होडी एका वर्षी फुटली होती. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर आला नव्हता. हे तिसरं वर्ष. आणि याच वर्षी गावानं होडीची जबाबदारी पहिल्यांदा एका बाईकडे दिली होती.

"नाव गेलं तर शंभर वर्षं म्हणत बसतील," हौसाक्का म्हणाली, "बाईच्या हातात दिली म्हणून गेलं. रविवारी सकाळी होडी घाटावर पायजे, आप्पा. हूक बसवा, अन् होडीखालच्या गाड्याला मागं दिव्यांची वायरिंग करा. पहाटे धुकं अस्तंय, रस्त्यावर उसाच्या गाड्या. मागनं कोण येऊन होडीत घुसायला नको."

"जावईबापू करतील," आप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग ते नरसूला म्हणाले, "ट्रॅक्टर बघितलाय न्हवं? इंजिन एकीकडं अस्तंय, हूक त्याच्या उलट बाजूला. तसाच बसवायचा."

"बरं, मामा."

नरसूनं गाडीचं पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. एक छत्री होती आणि चपलांचा जोड होता. त्यानं मागचं झाकण उघडलं. इंजिन तिथं होतं. त्या जातीच्या गाड्यांचं तिथंच असतं. नरसूनं दोन्ही झाकणं पुन्हा उघडून खात्री करून घेतली. मग त्यानं उलट बाजूला, म्हणजे गाडीच्या नाकावर, हूक बसवला. चार बोल्ट, वर वेल्डिंग. गाडी गेंड्यासारखी दिसायला लागली.

हौसाक्का आली. तिनं गाडीला एक फेरी मारली.

"पाव्हणं, होडी ओढायची हाय. ढकलत न्यायची न्हाई."

"इंजिनच्या उलट बाजूलाच हाय, अक्का. झाकण उघडून बघा."

तिनं उघडून बघितलं. खरंच उलट बाजूला होता. तिला भांडायला जागाच राहिली नाही.

गोजराबाईनं आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पांनी एक लांब श्वास घेतला.

"छान झालं, जावईबापू. हूक दणकट हाय. पुढल्या खेपेला मात्र इंजिन बघायचं न्हाई. नाक कुठलं अन् शेपूट कुठलं, तेवढं बघायचं. मागं लावायची वस्तू शेपटाला."

"बरं, मामा."

नरसू जेवून झोपला. गोजराबाईनं हूक कापला आणि मागं बसवला.

मंगळवारी दिवे लावायचे होते. होडीचं नाव सुसर. ती दोन चाकी लोखंडी गाड्यावर ठेवलेली होती, आणि गाड्यापेक्षा चांगली चार हात लांब होती, म्हणून दिवे होडीच्याच मागच्या टोकाला बांधायचे ठरले. आता त्या गावात अशी पद्धत होती की होडीचं नाक आधी पाण्यात शिरलं पाहिजे. शेपूट आधी घातलं तर नदीकडे पाठ केल्यासारखं होतं. म्हणून होडी गाड्यावर उलटी चढवायचे. शेपूट गाडीकडे, नाक मागे रस्त्याकडे.

नरसूनं वल्हेकऱ्यांच्या म्होरक्याला, तातोबाला, बोलावून विचारलं, "सुसरीचं शेपूट कुठलं?"

"हे काय, गाडीच्या बाजूचं."

"पक्कं?"

"पाव्हणं, मी वीस वर्षं हिच्यात बसतोय."

नरसूनं दोन लाल दिवे शेपटाला लावले. प्रत्येक दिव्याला चार स्क्रू, फळीच्या आरपार. हौसाक्कानं गाडीत बसून आरशात बघितलं. दोन लाल डोळे तिच्याकडे टक लावून बघत होते.

"मागनं येणाऱ्याला काय दिसणार, पाव्हणं?"

"मागनं येणाऱ्याला होडी दिसंल की."

तातोबा मात्र दिवे बघतच नव्हता. तो खाली वाकून भोकं मोजत होता. "आठ भोकं, अन् आम्हीबी आठ जणं," तो म्हणाला. "म्हंजे एकेकानं एकेकात बोट घालून बसायचं. मग वल्ही कोण मारणार?"

गोजराबाई आप्पांच्या कानाशी गेली. आज जरा जास्त वेळ लागला.

"छान झालं, जावईबापू. दिवे लखलखीत हाईत, मला फडक्यातनंबी जाणवलं. पुढल्या खेपेला मात्र भोक दिसलं की बुजवायचं. भोकातनं पाणी शिरतंय."

"बरं, मामा."

नरसू झोपला. गोजराबाईनं भोकांत काथ्या ठोकला, वर गरम डांबर ओतलं, आणि दिवे दोरीनं होडीच्या नाकाला बांधले. डांबराचा डबा तिनं फळीवर ठेवला. तो आत ठेवला असता तर बुधवार टळला असता. पण बाईमाणसानं तरी कुठं कुठं पुरं पडायचं?

बुधवारी सॉकेट. गाडीच्या मागं एक गोल सॉकेट बसवायचं असतं, त्याला सात भोकं असतात. गाड्याच्या वायरींचा प्लग त्यात घातला की गाडीचा ब्रेक, इंडिकेटर, लाल दिवा, सगळं मागच्या दिव्यांना कळतं. नरसूनं रंगाला रंग लावून सातही वायरी जोडल्या. एकही चुकली नाही. शहरातल्या मेकॅनिकनं मान डोलवावी असं काम. काम संपवून तो कौतुकानं मागं सरला आणि त्याला भोकं दिसली. एक नाही, दोन नाही, सात.

त्याची नजर फळीकडे गेली.

संध्याकाळी हौसाक्का हातात प्लग धरून उभी राहिली. सॉकेट काळंकुळकुळीत, गुळगुळीत, तव्यासारखं.

"पाव्हणं, हे कुठं घालू?"

"कुठं न्हाई घालायचं, अक्का. आता पाण्याचा थेंब जाणार न्हाई."

"अन् वीज?"

नरसूनं प्रामाणिकपणे विचार केला. "वीजबी जाणार न्हाई," तो म्हणाला.

हौसाक्कानं तीस वर्षांत शंभर पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता ती स्वतःच वर्कशॉपला दोन फेऱ्या मारून आली. पाव्हण्याला बोलायचं नसतं.

आप्पांनी कानात ऐकलं. "छान झालं, जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांनी दोनदा घसा खाकरला. "पाणी जात न्हाई म्हंजे न्हाई. पुढल्या खेपेला मात्र विजेची वाट मोकळी ठेवायची. अन् अर्थिंग पक्कं करायचं. अर्थिंग न्हाई तर दिवा न्हाई."

"बरं, मामा."

गोजराबाई रात्रभर दाभण आणि रॉकेल घेऊन सॉकेटपाशी बसली. सातही भोकं मोकळी केली. आता गाडीचं अर्थिंग म्हणजे एक काळी वायर गाडीच्या लोखंडाला बोल्टनं आवळायची, संपलं. पण नरसूनं आजवर एकच अर्थिंग बघितलं होतं. दिवाळीत आप्पांच्या घराला केलं होतं ते. त्याचा खड्डा त्यानंच खणला होता.

गुरुवारी त्यानं वर्कशॉपपुढं छातीइतका खड्डा खणला. तळाशी तांब्याची पाटी ठेवली. तिला जाड तार जोडली. वर एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा, पुन्हा मिठाचा, पुन्हा कोळशाचा. माती लोटली, पायानं चोपली, दोन बादल्या पाणी घातलं. तारेचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला वेल्ड केलं.

दिवे लागले. सगळे लागले. ब्रेक, इंडिकेटर, सगळं. नरसू हात पुसत उभा राहिला.

"गाडी बांधून का घातलीय?" हौसाक्कानं विचारलं.

"बांधली न्हाई, अक्का. अर्थिंग केलंय."

"मग मी गाडी न्यायची कशी?"

नरसूनं खड्ड्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "खड्ड्यासकट न्यावी लागंल," तो म्हणाला.

माणूस सोमवारपासून सोसतो तर गुरुवारी त्याचं काहीतरी सटकतंच. हौसाक्का गाडीत बसली आणि तिनं गाडी सोडली. तार ताणली गेली. जोड नरसूचा होता, तो सुटणार नव्हता. जमिनीतून तांब्याची पाटी रताळं उपटावं तशी वर आली, मागोमाग अर्धं पोतं मीठ आणि कोळसा. पाटी खणखणत, ठिणग्या उडवत चावडीपर्यंत गेली, मागं गावातली सगळी कुत्री. चावडीपुढं बसलेले म्हातारे बाजूला झाले. त्यांना वाटलं वरात आहे.

त्या दिवशी आप्पा इतका वेळ गप्प राहिले की गोजराबाईनं त्यांची नाडी बघितली.

"छान झालं, जावईबापू," आप्पा शेवटी म्हणाले. "खड्डा चांगला खोल हाय, त्यात केळ लावू. पुढल्या खेपेला मात्र एक ध्यानात ठेवा. गाडीचं जे हाय, ते गाडीसंगं गेलं पायजे. वाटंत काय सुटायचं न्हाई, अन् मागं काय ऱ्हायचं न्हाई."

"बरं, मामा."

गोजराबाईनं तार कापली, काळी वायर बोल्टनं आवळली. शुक्रवारी नरसूला कुणी काही काम सांगितलं नाही. शुक्रवार चांगला गेला.

शनिवारी फार थोडं उरलं होतं. गाडा गाडीच्या हुकाला अडकवायचा, वरून पिन घालायची. होडी गाड्याला दोरीनं बांधायची. लहान पोरानंही केलं असतं. गोजराबाई तीळगूळ आणायला बाजाराला गेली. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. तिला दोष देऊ नका, मी देत नाही.

नरसूनं पिन हातात घेतली. पिन सुटते. त्यानं दोरी हातात घेतली. दोरीही सुटते. त्यानं दोन्ही बाजूला ठेवल्या आणि वेल्डिंगचं मशीन चालू केलं.

त्यानं हूक आणि गाडा यांचा जोड चारी बाजूंनी वेल्ड करून टाकला. मग होडीवरून दोन लोखंडी पट्ट्या आडव्या घेतल्या, लाकूड जळू नये म्हणून खाली ओलं गोणपाट घातलं, आणि पट्ट्यांची टोकं गाड्याला वेल्ड केली. ग्राइंडर मारून जोड गुळगुळीत केले. वर काळा रंग दिला. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम.

गोजराबाई बाजारातून आली आणि तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी सगळं तपासलं. हूक मागं होता. दिवे नाकाला होते. सॉकेट मोकळं होतं. अंगणात नवा खड्डा नव्हता. तिनं सुखानं श्वास सोडला. जुन्या चुका तिनं सगळ्या तपासल्या. नवी चूक तपासायला ती आधी ठाऊक असावी लागते.

रविवारी पहाटे हौसाक्का निघाली. शेजारी नरसू. मागं सुसर. धुक्यात लाल दिवे लकाकत होते, वळणावर इंडिकेटर लागत होता, उसाच्या गाड्या बाजू देत होत्या. आप्पा, गोजराबाई, तातोबा आणि सात वल्हेकरी टेंपोतून मागोमाग. बारा किलोमीटर सुखरूप गेले. दुधनवाडीच्या घाटावर अकरा होड्या आधीच पाण्यात होत्या. हौसाक्का खाली उतरली आणि नरसूला म्हणाली, "पाव्हणं, नाव काढलंत."

तातोबानं होडी सोडवायला दोरी शोधली. दोरी नव्हती. गाठ नव्हती. बोल्टही नव्हता.

"पाव्हणं, पाना कुठाय?"

"पाना लागत न्हाई," नरसू म्हणाला. "पान्यानं सुटलं असतं."

तातोबानं पट्टीवरून हात फिरवला. मग हुकावरून फिरवला. मग तो गुपचूप खाली बसला.

घाटावर नियम असा होता. पहिली शिट्टी झाली की पंच होड्या मोजणार. जी पाण्यात नाही, जिच्यात आठ माणसं वल्ही घेऊन बसलेली नाहीत, ती आलीच नाही. दुसऱ्या शिट्टीला शर्यत सुटणार. पहिल्या शिट्टीला दहा मिनिटं राहिली होती. ग्राइंडर बारा किलोमीटरवर होता, आणि घाटावर वीज नव्हती.

हौसाक्कानं होडीकडं बघितलं. नदीकडं बघितलं. नाकातून जोरात श्वास सोडला.

"तातोबा, गडी बसव होडीत."

"अक्का, ही सुटंना."

"सुटू दे न्हाईतर न सुटू दे. पाण्यात तर शिरंल?"

ती गाडीत बसली आणि घाटाच्या उतारावरून मागं मागं येत गेली. सुसरीचं नाक पाण्यात शिरलं, मग पोट, मग शेपूट. गाडा पाण्याखाली गेला. गाडीची मागची चाकं ओली झाली आणि होडी तरंगायला लागली. हौसाक्कानं इंजिन बंद केलं आणि ब्रेक दाबून धरला. हँडब्रेक एवढ्या वजनाला पुरत नव्हता.

पहिली शिट्टी झाली. पंचांनी वही उघडली, बोटानं मोजलं. बारा. त्यांनी गाडीकडं बघून तोंड वाकडं केलं, पण होडी पाण्यात होती आणि आत आठ माणसं वल्ही घेऊन बसली होती. खूण झाली. गावाचं नाव राहिलं.

हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कुणाला दाखवणार नव्हती. "एवढं पुरं," ती तातोबाला म्हणाली. "शर्यत पुढल्या वर्षी. वल्हं मारू नका, नुसतं बसा." तेवढ्यात पंचांनी होडीच्या मालकांना सहीला बोलावलं. तिनं नरसूला आपल्या जागेवर सरकायला लावलं, त्याचा पाय उचलून ब्रेकवर ठेवला आणि म्हणाली, "दाबून धरा. मी येईपतोर काढायचा न्हाई."

"बरं, अक्का."

तिनं दार घट्ट लावलं आणि ती गेली. मागून आप्पा काठी टेकत आले. गोजराबाईनं त्यांच्या कानात सगळं सांगितलं होतं. त्यांनी चाचपडत खिडकी शोधली.

"छान झालं, जावईबापू," आप्पा म्हणाले. "बारा किलोमीटर काय हललं न्हाई. पुढल्या खेपेला मात्र शिट्टी झाली की होडी मोकळी ऱ्हायला पायजे. तिला असं मागनं धरून ठेवायचं न्हाई."

"बरं, मामा."

नरसूनं काच वर केली आणि विचारात पडला. अक्का म्हणाली धरा. मामा म्हणाले धरू नका. अक्का गिऱ्हाईक. मामा सासरे. सासऱ्याचा शब्द मोडायचा नसतो, एवढं त्याला कळत होतं.

दुसरी शिट्टी झाली. नरसूनं पाय उचलला.

अकरा होड्या सुटल्या. तातोबा आणि त्याचे गडी नुसते बसले होते. पण वल्हेकरी होडीच्या नाकाकडं पाठ करून बसतो, म्हणजे आठांचीही तोंडं गाडीकडं होती. आणि त्यांना दिसलं की लाल गाडी घाटावरून घसरत थेट आपल्या अंगावर येतेय.

त्यांनी वल्ही मारली. तशी वल्ही त्या नदीत कुणी मारली नसतील. ते जेवढे जोरात पळत, गाडी तेवढीच जोरात मागं येई. दारं घट्ट लावलेली, बूड सपाट; गाडी बुडाली नाही, बदकासारखी पाण्यावर बसली. "डावीकडं घ्या," तातोबा म्हणाला. होडी डावीकडं वळली. गाडीही डावीकडं वळली. "ही आपल्यालाच धरणार," एक गडी म्हणाला आणि रडायला लागला, पण त्यानं वल्हं सोडलं नाही. सुसरीनं नववी होडी मागं टाकली, मग पाचवी, मग दुसरी. बाकीच्या होड्यांतली माणसं वल्ही विसरून बघत राहिली.

सही करताना हौसाक्काच्या नावाचा शेवटचा काना कागदाबाहेर गेला.

सुसर पहिली आली. आल्यावर थांबली नाही. ती तशीच पुढं गेली आणि नदीच्या मध्यावर वाळूच्या बेटाला जाऊन लागली. आठही गडी उड्या मारून पलीकडं पळाले.

पंचांनी नियमांची वही पहिल्या पानापासून वाचली. होडीच्या मागं काय बांधू नये, असं कुठंच लिहिलं नव्हतं. त्यांनी ढाल हौसाक्काच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि घाटावरच्या आपल्या गाववाल्यांकडं एकेक करून बघितलं. एकाचीही मान वर होईना.

आप्पा आणि गोजराबाई लहान होडीतून बेटाकडं निघाले. अर्ध्या वाटेत आप्पांनी घसा खाकरला. "तुम्ही तोंड उघडायचं न्हाई," गोजराबाई म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नरसू गाडीतच बसला होता. हाताची घडी, तोंड घाटाकडं. गाडी उलटी ओढली गेली होती, त्यामुळे तो पहिल्यापासून घाटाकडंच बघत होता. मागं वळून त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"जावईबापू, उतरा," गोजराबाई म्हणाली.

नरसूनं काच दोन बोटं खाली केली. त्याचे डोळे भरले होते.

"मी ब्रेकवरचा पाय काढला मात्र," तो म्हणाला, "तर तुम्ही, मामा, अक्का, समदे घाट घेऊन भराभरा लांब निघून गेला. मी हॉर्न वाजवला. दिवे लावले. कुणी थांबलं न्हाई. जावयाला असं नदीत टाकून जात्यात व्हय?"

आणि त्यानं काच वर केली.

आता जावई रुसला म्हटल्यावर काय करणार? लहान होडी घाटावर परत गेली आणि जत्रेतून एक कोरा फेटा घेऊन आली. आप्पांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून, हिरव्या फडक्याआडून चाचपडत, गाडीच्या खिडकीतून तो जावयाच्या डोक्याला बांधला.

मग नरसू खाली उतरला आणि त्यानं सगळ्यांना माफ केलं.